डाव्या हाताच्या रेघा

“मगदूम, तुम्ही डावखुऱ्या ना?”

डॉ. आवटींनी हे इतक्या सहज विचारलं की मी हसून “हो सर, लहानपणापासून” असं म्हणून मोकळी झाले. मग त्यांनी ड्रॉवरमधून पाच कागद काढले आणि टेबलावर माझ्याकडे तोंड करून ओळीने मांडले.

“आता हे बघा.”

कागद आमच्याच अभ्यासाचे होते. इचलकरंजीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मान, पाठ, कंबर, खांदा वर्षानुवर्षं दुखत असलेल्या यंत्रमाग कामगारांचा सहा महिन्यांचा अभ्यास चालू होता आणि मी त्याची सहायक होते. एम.एस्सी. संख्याशास्त्र, वय तेवीस, पहिली नोकरी. दर बुधवारी बावीस माणसं यायची. प्रत्येकाला एक कागद मिळायचा. त्यावर माणसाच्या दोन आकृत्या छापलेल्या, एक समोरून, एक पाठमोरी. दुखतं तिथे रंगीत पेन्सिलीने भरायचं. जळजळ असेल तर तांबडा, टोचत असेल तर काळा, ओढ लागत असेल तर हिरवा, बधिर वाटत असेल तर निळा. खाली शून्य ते दहा अशी पट्टी, तिच्यावर दुखण्याचा आकडा. नियम एकच होता, पण कडक होता. ज्याचं दुखणं त्यानेच कागद भरायचा. हा नियम मोडणाऱ्याचं नाव अभ्यासातून जाणार, आणि नावाबरोबर सहा महिन्यांची मोफत औषधं, शेक आणि व्यायामही जाणार.

“काय दिसतं?” सरांनी विचारलं.

“रेघा खूप बारीक आहेत. फार मन लावून भरलंय.”

“दिशा बघा दिशा.”

मी कागद जवळ घेतले. माणूस पेन्सिलीने एखादी जागा भरतो तेव्हा त्याच्या रेघा मनगटाच्या झोकाने पडतात. उजव्या हाताच्या रेघा वरच्या टोकाला उजवीकडे झुकतात, डाव्या हाताच्या डावीकडे. या पाचही कागदांवरच्या रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या.

“पाच वेगवेगळी माणसं,” सर म्हणाले, “आणि हात एक. तोही डावा. तुमच्या आधी इथे जे होते ते मंगळवारी घरी बसून कागद भरायचे, हे तुम्हाला माहीत आहे. चार महिन्यांचं काम मी फेकून दिलं.”

“सर, मी असलं काही…”

“मी तसं म्हटलेलं नाही. मी विचारतोय. पुढच्या बुधवारी मला उत्तर द्या. उत्तर नसेल तर माझं उत्तर मला काढावं लागेल.”

घरी येऊन मी जेवलेही नाही. आई विचारत राहिली, मी “डोकं दुखतंय” म्हणाले, आणि असलंच वाक्य गेल्या दोन महिन्यांत किती जणांच्या तोंडून ऐकून मी त्यांच्या आकड्याकडे संशयाने पाहिलंय, हे त्या क्षणी माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फायली काढल्या. त्या पाच माणसांचे पहिल्या आठवड्यापासूनचे सगळे कागद जमिनीवर पसरले. चौघांच्या रेघा पहिले तीन आठवडे उजवीकडे झुकत होत्या आणि चौथ्या आठवड्यापासून डावीकडे. माणसाचा हात असा महिन्यात बदलत नाही. पाचव्याच्या रेघा मात्र पहिल्या दिवसापासून डावीकडेच होत्या. तो पाचवा म्हणजे दस्तगीर मुजावर. मागांची दुरुस्ती करणारा जॉबर, वय एकसष्ट, कंबर आणि डावी मांडी.

मला हायसं वाटलं. गणित सरळ होतं. डावखुरा एक, आणि बाकीचे चौघे त्याच्यासारखे होत गेलेले. म्हणजे तोच भरतोय.

आणखी एक पुरावा मिळाला. रोग्यांच्या बाकावर पेन्सिलींचा एक डबा ठेवलेला असे, तसाच एक माझ्या टेबलावर. दोन्ही एकाच दिवशी उघडलेले. मी पट्टीने मोजलं. माझ्या डब्यातली तांबडी पेन्सिल साडेसोळा सेंटिमीटर होती, बाकावरची नऊ. तिला टोक यंत्राने केलेलं नव्हतं, ब्लेडने केलेलं होतं, लांब आणि सुईसारखं. बावीस माणसांनी आठ आठवड्यांत दुखणं दाखवायला एवढी पेन्सिल झिजत नाही. कोणीतरी बसून चित्रकला करत होतं.

बुधवारी मी अर्धा तास आधी गेले. बाकांवर सात-आठ जण आले होते. मी दिसले आणि बोलणं थांबलं. हे आधीही होत असणार, पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. कोण पिशवी कुठल्या हाताने धरतो, कोण चष्मा कुठल्या हाताने पुसतो.

“ताई, आज लौकर?” शेवंताबाई बुगड म्हणाल्या. या आमच्या पहिल्या नंबरच्या रोगी. वय बावन्न, तीस वर्षं कांडी मशीनवर काम. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं काम बायका करतात, ते. मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत दुखणं, आकडा आठ. पहिल्या आठवड्यात आठ, आठव्या आठवड्यात आठ.

“काम आहे जरा,” मी म्हणाले.

“मग माझा कागद आदी घ्या. म्हंजे मी मोकळी.”

त्यांचा कागद नेहमी माझ्या टेबलाशी, माझ्यासमोरच भरला जाई. त्यांनी उजव्या हातात तांबडी पेन्सिल धरली, दात आवळले, खांद्यावर एक ठिपका मारला, चार रेघा ओढल्या. रेघा उजवीकडे. सगळं मिळून वीस सेकंदं. मी मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे ‘स्वच्छ’ असं लिहिलं.

चहा आला. दस्तगीरचाचांनी बशी डाव्या हाताने उचलली.

मी त्यांना बाजूला बोलावलं. “चाचा, खरं सांगा. तुम्ही दुसऱ्यांचे कागद भरून देता?”

ते हसले. “मी? आवो ताई, मला माजाच भरायला येत न्हाई.”

“तुम्ही डावखुरे आहात.”

“जलमाचा न्हाई बरं.” त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळची दोन बोटं मधल्या पेरापासून नव्हती. “ह्ये माग खाऊन बसलाय. तवापास्नं डावा. डाव्या हातानं पाना फिरवतो, घास खातो. पेन्सिल धरली की भाकरी थापल्यागत हुतंय. बगा की माजे पयले कागद. नुसता चिखूल.”

“मग आताचे कागद इतके बारीक कसे?”

चाचांचं हसणं गेलं. त्यांनी बाकाकडे एक नजर टाकली आणि लगेच माझ्याकडे वळवली. “सुदारलो आसंन,” ते म्हणाले. “तुमी सारखं सांगता न्हवं, सराव करा म्हनून.”

ते खोटं बोलत होते, आणि कुणासाठी तरी बोलत होते. बाकावर बघितलेली ती एक नजर मी टिपून घेतली. पण बाकावर नऊ माणसं होती.

नेहमी मी कागद वाटून वजनकाट्याच्या खोलीत जाई आणि एकेकाला नंबराने आत बोलावी. तोवर बाकीचे बाकावर बसून कागद भरत. त्या दिवशीही मी गेले, पण कुणालाच बोलावलं नाही. खोलीतला दिवा घालवला. त्या खोलीला बाकांच्या बाजूला जाळीची खिडकी होती. आत अंधार असला की आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. मी वजनकाट्यावरच उभी राहिले, कारण तिथूनच नीट दिसत होतं. काटा माझं वजन दाखवत राहिला.

चार-पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग मालन नावाची बाई, कापडातल्या गाठी काढायचं काम करणारी, आपला कागद घेऊन उठली आणि शेवंताबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

“कुटं आज?” शेवंताबाईंनी विचारलं.

“तितंच की. मानंच्या खाली.”

“तितंच म्हंजे कसं? सुई टोचल्यागत का चटका बसल्यागत?”

“तसं न्हवं गं. दोरा वडल्यागत.”

“ताणून तुटायच्या आदी आसतोय तसा दोरा?”

“व्हय! आन् तुटंना झालाय बग त्यो.”

“तुटला तर बरं वाटंल?”

मालन विचारात पडली. “न्हाई,” ती म्हणाली. “तुटला तर गाट मारावी लागंल. गाटीचं आनी येगळं दुखनं.”

दोघी हसल्या. शेजारची बाईही हसली. शेवंताबाईंनी पिशवीतून ब्लेड काढलं, हिरव्या पेन्सिलीचं टोक केलं, कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिल डाव्या हातात धरली.

त्यांचा उजवा हात पदराखाली पोटाशी निपचित होता, एखादं झोपलेलं मूल धरावं तसा. डावा हात चालत होता. सावकाश, पण न थांबता. त्या मधेच विचारत, “हितं जरा फिकट? का हितं बी तेवडंच?” आणि मालन डोळे मिटून, मान हलवून, शोधून सांगत होती. एका कागदाला अकरा मिनिटं लागली. मग दुसरी बाई आली. मग एक म्हातारा. मग चाचा.

ओपीडीत ज्यांना दहा मिनिटंही एका जागी बसवत नाही असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, त्या शेवंताबाई पन्नास मिनिटं एका जागी बसून होत्या. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे यांचा आठचा आकडाही खोटा.

मी दिवा लावला, दार उघडलं आणि म्हणाले, “शेवंताबाई, पेन्सिल खाली ठेवा आणि माझ्याबरोबर चला.”

चाचा हळूच म्हणाले, “ताई, ऱ्हाऊ द्या की.”

मी राहू दिलं नाही.

डॉ. आवटींनी शेवंताबाईंना स्टुलावर बसवलं. त्यांच्याशी ते नेहमीच नीट बोलायचे. “बाई, तुम्ही दुसऱ्यांचे कागद भरता का?”

“मी? न्हाई बा.”

“सर, मी आत्ता माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पन्नास मिनिटं.”

“ताईंना दिसलं आसंल,” शेवंताबाई म्हणाल्या. “अंदारात हुब्या ऱ्हाऊन बगत हुत्या जनू. अंदारात काय बी दिसतंय.”

“तुम्ही डाव्या हाताने भरत होता.”

“डाव्या? सायेब, मला डाव्या हातानं पानी बी पिता येत न्हाई. सही करते ती उजव्यानं. माजे कागद बगा की, ताईंच्या म्होरं भरलेत.”

सरांनी फाईल उघडली. आठ कागद, आठही उजव्या हाताचे, खांद्यावर एकेक तांबडा ठिपका. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “डाव्या हाताने भरून दाखवा बघू.”

शेवंताबाईंनी पेन्सिल डाव्या मुठीत धरली, मुसळ धरतात तशी. कागदावर एक वाकडी रेघ मारली. दुसरी आकृतीच्या बाहेर गेली. तिसरीला टोक मोडलं. “बगा,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं नाही.

“खोटं आहे सर! त्या मुद्दाम…”

“मगदूम.” सरांनी चष्मा काढला. “तुमच्या आधी जे होते त्यांनीही शेवटी एका आयाबाईंचं नाव पुढे केलं होतं. मला वाटलं होतं, तुम्ही निदान कबूल कराल.”

“सर, चाचांना बोलवा, मालनला…”

“ते काय सांगणार? ज्यांचे कागद आहेत तेच? तुम्ही उद्यापासून येऊ नका. किल्ल्या ऑफिसात द्या. बाई, तुम्ही जा, तुमच्यावर काही ठपका नाही.”

शेवंताबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी भिंतीवरच्या मणक्याच्या तक्त्यावरचे मणके मोजत होते. सात मानेचे, बारा पाठीचे.

“कोन येऊ नका?” दारातून आवाज आला. “ताई?”

“तुम्ही जा, बाई.”

“माज्यापायी?”

सरांनी फाईल मिटली. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग परत आल्या, स्टुलाची कड धरून आधी डावीकडे कलल्या, मग बसल्या. बसताना त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. तो मी दर बुधवारी ऐकत असे आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा त्यावर विश्वास बसला. का बसला ते सांगता येणार नाही. त्याला पुरावा नव्हता.

“ब्लेड हाय का?” त्यांनी विचारलं. सरांनी ड्रॉवरमधलं दिलं. त्यांनी मोडलेलं टोक केलं. पेन्सिल बोटांत धरली, मुठीत नव्हे. डाव्या हाताच्या बोटांत.

“मालनचं न्हाई काडत,” त्या म्हणाल्या. “तिला उगा काय नगं. माजंच काडते.”

त्यांनी पाठमोरी आकृती घेतली. मानेपासून सुरुवात केली, काळ्या रंगाने, केसासारख्या रेघांनी. मग खांदा. तिथे त्या बराच वेळ थांबल्या, तांबडं भरत राहिल्या, आतून बाहेर, गडद होत जाणारं. मग हाताच्या बाहेरून एक हिरवी रेघ निघाली आणि छापील आकृती ओलांडून सरळ कागदाच्या कडेपर्यंत गेली. मग दुसरी. मग तिसरी. मी मोजत होते. मोजल्याशिवाय मला राहवतच नाही. बारा.

सर पुढे वाकले. “हे आकृतीच्या बाहेर काय?”

“चात्या. कांडी बसती त्या. आमच्या मशीनला बारा चात्या. बारा कांड्या संगं फिरत्यात. दोरा तुटला की धावायचं, जोडायचा, दुसरीकडं तुटलेला आसतोय.” त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या रेघांवर ठेवलं. “ह्ये बी माजंच हाय, सायेब. आत मावंना.”

रेघा सगळ्या डावीकडे झुकलेल्या. मला ते दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुसरं काहीच वाटलं नाही. एवढंच वाटलं: सुटले.

सरांनी तो कागद उचलून खिडकीपाशी नेला. बराच वेळ धरला. “डाव्या हाताने कधीपासून?”

“महिना झाला. उजव्यानं तीस वरसं काम करून घेतलं, आता त्येला कशाला आनी सांगू? ह्यो डावा रिकामाच हुता.”

“मग स्वतःचा कागद उजव्याने का भरायचात?” मी विचारलं. ते विचारायला नको होतं, पण माझ्या फायलीतलं तेच एक कोडं उरलं होतं.

“तुमीच दिलती की पेन्सिल उजव्या हातात, पयल्या दिवशी. मला वाटलं, दवाखान्याच्या कागदाला उजवाच हात लागतोय. देवाच्या कामाला लागतोय तसा.”

मी, जन्माची डावखुरी, पेन्सिल त्यांच्या उजव्या हातात देऊन मोकळी झाले होते.

“दुखणं किती आहे आज?” सरांनी विचारलं.

“आट.”

“आणि पन्नास मिनिटं बसून काढत होता तेव्हा?”

“आटच.”

“मग गुण काहीच नाही. मग हा उद्योग कशासाठी?”

शेवंताबाईंनी थोडा विचार केला. मालन डोळे मिटून दुखणं शोधायची, तसा. “त्ये जात न्हाई, सायेब. शेजारीच बसतंय. पर मी काडाय लागले की त्ये बी वाकून बगत बसतंय. तेवडा येळ बोलत न्हाई.” मग जरा ओशाळून म्हणाल्या, “चौतीत शाळा सुटली. रंगाची पेन्सिल कवा हातात आली न्हवती. पयल्या दिवशी वास घेऊन बगितला तिचा. लोकास्नी सांगाय येत न्हाई, नुसतं हितं दुखतंय म्हनत्यात. म्हटलं मी इचारते, तुमी सांगा. तेवडीच मला कागदं मिळतील.”

एवढं सगळं साधं होतं. त्यांना कागद हवे होते. स्वतःचा एकच मिळत होता आणि तोही उजव्या हाताने उरकायचा.

डॉ. आवटी खुर्चीत बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण एकदा हात पोळलेले होते. “बाई, नियम मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता.”

“व्हय. सांगितलावता.”

“त्या पाच जणांना मी काढत नाही. त्यांचे मागचे कागद फक्त रद्द करतो. पण तुम्ही आज माझ्यासमोर खोटं बोललात. त्यात या मुलीची नोकरी जात होती.”

“म्हनून तर परत आले.”

“म्हणूनच मी या मुलीला कामावर ठेवतोय.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मगदूम, यांचं नाव काढा.”

मी एक शब्द बोलू शकले असते. शब्द मला माहीत होते. सर, यांच्या कागदांवर जी माहिती आहे ती माझ्या बावीस आकड्यांत नाही. सर, रद्द करायचं तर माझं काम रद्द करा. हे सगळे शब्द मला पुढे काही वर्षांनी सुचले. तेव्हा मी रजिस्टर उघडलं, एक नंबरच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि डाव्या हाताने सरळ रेघ मारली.

शेवंताबाईंनी जाताना पेन्सिल टेबलावर ठेवली, टोक माझ्याकडे येणार नाही अशी. “येते, ताई,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा आहे का, हे मी त्यांच्या आवाजात शोधत राहिले. नव्हता.

पुढच्या बुधवारी मी बाकापाशीच खुर्ची टाकून बसले. सर्वांनी आपापले कागद माझ्यासमोर भरले. बावीसातून एक वजा, एकवीस कागद. पंचवीस मिनिटांत काम झालं. मालनने मानेखाली हिरवा गोळा काढला आणि त्यावरून दोन रेघा ओढल्या. “कसं दुखतंय?” मी विचारून बघितलं. “दुखतंय की,” ती म्हणाली. “भरला न्हवं कागद?” आणि उठून गेली. कुणी माझ्याशी भांडलं नाही. चहाची बशीही कुणी पुढे केली नाही. अभ्यासाच्या दृष्टीने इतका निर्दोष बुधवार आधी कधी झाला नव्हता.

शेवटी दस्तगीरचाचा आले. त्यांनी कंबरेवर भाकरीएवढा काळा डाग केला, आकडा सहा घातला आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मग सदऱ्याच्या आतून घडी घातलेला दुसरा कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं पान होतं, मागची कोरी बाजू वर. ते त्यांनी पहिल्या कागदाशेजारी ठेवलं.

“हे काय?”

“काल सांजंला बुगडबाईकडं गेलतो. मालन बी हुती, म्हातारा बी. पोरीच्या दप्तरातल्या पेन्सिली घेतल्यात तिनं. येक तास इचारत बसली मला. मांडीतनं कुटनं जातंय, कुटं थांबतंय, मोट्या मागापाशी हुबं ऱ्हायलो की कसं, सायकलीवर कसं.” त्यांनी दोन बोटं नसलेल्या हाताने पान सपाट केलं. “सायबास्नी द्या.”

“चाचा, नियमाने मला हा एकच कागद घेता येतो.”

“घ्या की. कोन नगं म्हनतंय.” त्यांनी छापील कागद माझ्याकडे सरकवला. “ह्यो तुमचा.” मग कॅलेंडरचं पान सरकवलं. “आन् ह्यो माजा.”

“त्यांचं कसं आहे?” मी विचारलं. “बाईंचं?”

“आट हाय म्हनती.”

मी दोन्ही कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. छापील कागद फाईलवर ठेवला, पान त्याच्याखाली, घडी तशीच. काय सांगावं ते मला कळेना, म्हणून मी नुसतंच “मुजावर” म्हणाले.

डॉ. आवटींनी वरचा कागद उचलला, बाजूला ठेवला आणि खालच्या पानाची घडी उलगडली. चष्मा कपाळावर सरकवून ते त्यावर वाकले. मी वाट बघत उभी होते. बऱ्याच वेळाने त्यांनी डाव्या मांडीवरून गुडघ्यामागे उतरणाऱ्या एका बारीक निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

“हे मला कधी बोलले नाहीत,” ते म्हणाले. “बोलवा त्यांना आत. आणि तुम्हीही थांबा.”